बिनकडीची घरे

आंबवळीच्या गडाखाली शेलवड्यांची अकरा घरे आहेत आणि एकाही घराच्या दाराला आतून कडी नाही. गड पाहायला आलेली मंडळी हसतात. मग धोंडिबा शेलवडे त्यांना वर गडाच्या चोरदिंडीपाशी, म्हणजे आडबाजूच्या लहान दरवाजापाशी, नेतात आणि दगडी चौकटीवर हात ठेवून सांगू लागतात. गडाच्या बाकी गोष्टी ऐंशीचे धोंडिबा छाती पुढे काढून सांगतात. ही सांगताना मात्र त्यांची नजर जमिनीवर असते.

फार पूर्वी गडावर नागनराजा होता. नऊ स्वार म्हणजे त्याचे नऊ जीव, असे सांगतात. कोणी वर नको, कोणी खाली नको, म्हणून राजा त्यांच्यासह गोल पंगत धरून जेवायचा. त्यांतला सर्वांत धाकटा रायबा, शेलवड्यांचा मूळपुरुष. त्याची आई लहानपणीच गेली, तेव्हा राजाने त्याला स्वतःच्या हाताने भरवले होते म्हणे.

गडाला वेढा पडला, टाक्यांतले पाणी आटत आले. एका भर दुपारी राजा आठ स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडायला या दिंडीतून बाहेर पडला. जाताना म्हणाला, "राया, दार तुझ्या हवाली. मी हाक मारीन तेव्हा उघड."

घटकाभराने हाक आली. "राया, उघड रे!"

आवाज राजाचाच होता. मागे शत्रूच्या टापाही वाजत होत्या, पण अजून लांब. यांना आत घेऊन दार लावायला पुरेसा वेळ होता. रायबाचा हात कडीवर गेला आणि तिथेच थिजला. राजाने पुन्हा हाक मारली. तिसरी हाक आली नाही.

शत्रूला दिंडी काही फुटली नाही. त्याचीच दाणावैरण संपल्यावर वेढा उठला. बाहेर आठही स्वार पडलेले सापडले. राजाचा देह सापडला नाही, म्हणून तो परत येईल असे लोक मानू लागले. रायबाला मात्र त्यांनी डोक्यावर घेतले. गड राखला ना त्याने! गोल पंगत मांडली आणि राजाच्या जागी त्याला बसवले. उचललेला पहिला घास त्याने पानात परत ठेवला. तो उभा राहिला.

"मला हाक ऐकू आली होती," तो म्हणाला. "मी भ्यालो."

कोणी त्याला मारले नाही, हाकललेही नाही. पानावरून एकेक जण उठून गेला. रायबाने दिंडीची कडी उपटली आणि उरलेला जन्म त्या उघड्या दारात बसून काढला.

"लोकांना पूर्वजांचा अभिमान असतो. आम्हाला लाज वाटते, पण सांगावं लागतं," धोंडिबा म्हणतात.

परवा ते गोष्टीत इथवर आले, तोच खालून गाडीवाल्याने पाहुण्यांना हाक मारली, "चला हो!" पाहुणे हलायच्या आत म्हातारा काठी सावरत उठलाही होता. "आलो, आलो!"

आजही शेलवडे पहिल्याच हाकेला ओ देतात, मग ती कुणाचीही असो. राजा परत आलाच, तर त्याला दुसऱ्यांदा हाक मारावी लागू नये, म्हणून.