कड्यावरचं जांभूळ

डोंगरमाथ्यावरच्या सरकारी गोल्फ मैदानात कड्यालगत एक जुनं जांभूळ होतं. दरीतलं धुकं त्याच्या फांद्यांतून वर चढू लागलं, की बघणाऱ्याची वाचाच बसायची. मैदानाच्या समितीचे अध्यक्ष रिसबूडसाहेब मात्र भडकले. त्यांचा चेंडू तिसऱ्यांदा त्याच्या मुळाशी अडकला होता.

"उद्याच्या उद्या हे झाड तोडा!"

गवत कापणारी भागूबाई म्हणाली, "त्यापरीस चेंडू जरा बाजूला घ्या की, साहेब."

"अडाणी बाई! चेंडू पडेल तिथूनच खेळायचा, हा नियम आहे."

"मग झाडानं काय वेगळं केलं? बी पडलं तिथूनच शंभर वर्षं खेळतंय. एकदा तरी जागा बदलून मागितली का?"

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

जांभूळ अजून तिथंच आहे. साहेब वळसा घालून खेळतात.