मूठभर काळी रेती

फार पूर्वी एका निळ्या समुद्रात एक काळं बेट होतं. काळं म्हणजे अगदी तव्याच्या बुडासारखं. बेटाच्या मधोमध एक ज्वालामुखी होता. एकदा तो असा काही खवळला, की लोकांची सगळी शेतं रेतीखाली गेली. लापशीच्या रव्याएवढी भरड, हलकी, भोकाभोकांची काळी रेती.

लोक रडले. बेटावर ना नदी, ना विहीर, आणि पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार शिंतोडे. त्यात ही रेती. बरेच जण बोचकी बांधून निघायच्या तयारीला लागले. तेवढ्यात कुणाच्या तरी परसात कलिंगडाची एक बी रुजली आणि भर उन्हात हिरवीगार उभी राहिली. म्हाताऱ्यांनी रेतीत हात घालून पाहिला. वरून कोरडी, आतून ओली! रात्रीचं दव ती रेती पिऊन घेत होती आणि दिवसा ऊन खालच्या मातीपर्यंत पोचू देत नव्हती.

मग काय, ज्यानं बुडवलं त्यानंच तारलं. लोकांनी रेतीत मोठमोठी आळी खणली, प्रत्येक आळ्यात द्राक्षाचा एक वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल पाळ रचली. पाणी न घालता द्राक्षं पिकू लागली, आणि तीही अशी गोड, की खाणाऱ्याची बोटं चिकटून बसावीत. बोचकी पुन्हा सुटली.

पुढे या नवलाची बातमी समुद्रापार गेली आणि सुट्टी घालवायला पाहुणे येऊ लागले. पाहण्यासारखं होतंही भरपूर. डोंगरावर एका भोकावर जाळी ठेवून लोक मासे भाजत, खाली ना लाकूड ना कोळसा. कपारीत वाळका पेंढा टाकला की तो आपोआप पेट घेई. पाण्यावर तरंगणारे दगड होते. गुडघे धरलेल्यांसाठी गरम पाण्याचं कुंड होतं. पाहुणे तोंडात बोट घालत आणि बेटकऱ्यांची छाती फुगून येई.

या बेटाची एक रीत होती. पाहुणा निघाला, की धक्क्यावर तो पहिल्यांदा जे मागेल, ते यजमानानं द्यायचं. नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घरी कुणी पानावर बसत नसे. जुने पाहुणे म्हणजे वाट चुकलेले खलाशी. ते बिचारे मागून मागून काय मागणार? द्राक्षांचा घड, फार तर एखादं करडू.

एकदा एका नव्या नवरीनं धक्क्यावर रुमाल पसरला आणि ती म्हणाली, “मला मूठभर काळी रेती द्या ना! किती छान चमकते.”

“एवढंच?” यजमान हसला आणि त्यानं चांगली ओंजळ भरून दिली. तिची पाहून दुसरीनं मागितली. मग रेती घरात ठेवली की भरभराट होते, असं कुणीतरी उठवलं, आणि जो तो रेतीच मागू लागला.

धक्क्याजवळ एका मळेकऱ्याचा मळा होता. त्याच्याकडची रेती सगळ्यांत बारीक आणि काळीभोर, म्हणून तिला मागणीही फार. मळेकरी पाहुण्यांचा भलताच भोक्ता. दारात पाहुणा दिसला, की स्वतःची भूक विसरणारा माणूस. रोज सकाळी तो आळ्यांमधून रेती काढून टोपली भरून ठेवायचा. कुणी मूठ मागितली, की हा दोन द्यायचा.

त्याची बायको म्हणायची, “अहो, जरा हात आखडता घ्या.”

“अगं, रेतीच तर आहे. डोंगर काय कुणी उचलून नेतंय?”

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात वेलांची पानं पिवळी पडली. मळेकऱ्यानं आधी शेजाऱ्याच्या शेळीला दोष दिला. मग दृष्ट काढली. मग डोंगराला नवस बोलला. पानं पिवळीच राहिली. आजीच्या हातचा जुना वेल होता, तो तर बुंध्यापर्यंत वाळला.

एका पहाटे मळेकरणीनं नवऱ्याला हाताला धरून मळ्यात नेलं. वरच्या कडेला अजून फळाला न आलेल्या, कोवळ्या वेलाचं एक आळं होतं. तिथवर चढायचा कंटाळा म्हणून त्यातली रेती कधी काढलीच नव्हती. तिनं त्याचा हात त्या रेतीत कोपरापर्यंत खुपसला. हात ओला होऊन बाहेर आला. मग ती धक्क्याजवळच्या आळ्यात खुपसायला गेली, तर रेती बोटभरसुद्धा नव्हती. खाली नुसता फुफाटा.

मळेकऱ्यानं ती धूळ बोटांनी उकरून पाहिली. “पण आपण तर मूठ मूठच दिली गं.”

“आपण मूठ दिली. मागणारे किती आले? अति तिथे माती म्हणतात, आपल्याकडे अति झालं आणि मातीच उघडी पडली. आणखी एक वर्ष असं गेलं तर मळा संपला. मग आपल्यालाही होडीत बसावं लागेल, पाहुण्यांसारखं. फक्त परत यायला घर नसेल.”

“उद्यापासून नाही म्हणेन,” मळेकरी म्हणाला. पण उद्या आला, पाहुणा आला, त्यानं हात पुढे केला, आणि याच्या तोंडून नेहमीचं “घ्या ना, घ्या!” निघून गेलं. जन्मात कधी न उच्चारलेला शब्द असा एका दिवसात जिभेवर बसतो थोडाच!

त्याच सुमारास त्यांच्याकडे एका राजाची आत्या मुक्कामाला होती. गुडघे दुखतात म्हणून दरवर्षी कुंडात पाय सोडून बसायला यायची. बाई मोठी मोकळी आणि हसतमुख. निघायच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर जमलं. आत्याबाई काठी टेकत म्हणाल्या, “या खेपेला मला गलबतभर काळी रेती दे बाबा. राजवाड्याच्या बागेतल्या वाटांवर पसरीन म्हणते. तुझ्याच मळ्यातली हवी, तीच बारीक.”

गलबतभर! म्हणजे मळ्यात उरलेली सगळी.

गाव मळेकऱ्याकडे बघत होतं. आणि तो काही बोलायच्या आत मळेकरीण पुढे झाली.

“नाही, आत्याबाई. रेती मिळणार नाही.”

धक्क्यावर कुजबुज झाली. गावचा पाटील करड्या आवाजात म्हणाला, “अगं बाई, पाहुण्याला नाही म्हणतेस? वाडवडिलांची रीत आहे.”

“रीत द्राक्षं देणाऱ्यांनी घातली होती, पाटीलबाबा. त्यांनी आळी नव्हती उपसून दिली. भीड भिकेची बहीण असते.”

आत्याबाईंनी मळेकऱ्याकडे पाहिलं. “काय रे, तुझं काय म्हणणं?”

मळेकऱ्याच्या ओठांवर सवयीचं “घ्या ना” आलंच होतं. एक शब्द बोलला असता तर घरची अब्रू राहिली असती, गाव जेवायला आलं असतं. त्यानं वर मळ्याकडे पाहिलं. वरचं एक आळं सोडलं, तर सगळा उतार पिवळा होता. एकटी उभी असलेली बायको त्यानं पाहिली. त्याला फार वाईट वाटलं. तिला एकटीला उभं राहावं लागलं, याचंच जास्त.

“ती म्हणते ते खरं आहे,” तो म्हणाला. “नाही.”

आत्याबाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्या नुसत्याच गोंधळल्या. “अरे, पण असं का?”

मळेकरणीनं दवाची, रेतीची आणि वेलांची सगळी हकिगत सांगितली. आत्याबाई ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला वाटलं, तुमच्याकडे नुसतीच पडलेली आहे. तुम्ही हसत हसत देत होतात. आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं.”

पाटील आपली पागोट्याची गाठ चाचपत राहिला.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या, “रिकाम्या हाती तर पाठवणार नाही ना? मग द्राक्षं दे. एक घड दे.”

मळेकरणीचे डोळे भरून आले. “यंदा द्राक्षं नाहीत, आत्याबाई. रेती देत बसलो, म्हणून नाहीत. पुढच्या वर्षी या.”

“माझं वय पाहिलंस का? पुढच्या वर्षीचं मला सांगतेस!”

“म्हणून तर सांगते. तुम्ही येणार म्हटल्यावर आम्हाला वेल जगवावेच लागतील.”

आत्याबाई तिच्या गालावरून हात फिरवून गलबतात जाऊन बसल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मळेकऱ्याच्या घरी कुणी जेवायला येईल असं वाटत नव्हतं. पहिला पाटीलच आला. बाकीचे त्याच्या मागून आले. जेवताना प्रत्येकाला आपापली आळी आठवत होती. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव डोंगराच्या पलीकडून रेती आणायला लागलं. लांबची वाट, चढ मोठा, टोपल्या डोक्यावर. ती रेती होती जाडीभरडी, पण दव तिलाही पिता येत होतं. आजीचा वेल काही वाचला नाही. इतर बरेच वाचले.

वर्ष सरलं आणि आत्याबाई आल्या. या वेळी दोन्ही बाजूंनी धरून उतरवावं लागलं. मळेकरी धावत मळ्यात गेला आणि एक घड घेऊन आला, लहानसा, मोजके मणी असलेला. आत्याबाई धक्क्यावरच बसल्या आणि एक मणी तोंडात टाकला.

“आंबट आहेत गं,” त्या म्हणाल्या, आणि शेवटचा मणी संपेपर्यंत खात राहिल्या.

तात्पर्य: फळ मागणाऱ्याला ओंजळ भरून द्यावं, पण मुळावरची माती कितीही गोड शब्दांत मागितली तरी देऊ नये. आणि ती मुळावरची आहे, हे मागणाऱ्याला वेळेवर सांगावं. त्याला बिचाऱ्याला ते ठाऊक नसतं.