पांगाऱ्याची तिसरी फळी

डोंगराच्या पायथ्याशी, तांबड्या मातीची वाट जिथे संपते तिथे, करवंदवाडी नावाची एक वाडी होती. केवढी? तर या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाची म्हातारी ‘शतायुषी हो’ म्हणायची, एवढीशी.

त्या वाडीत सगुणा राहायची. वय वर्षं नऊ, परकराला तीन रंगांची ठिगळं, आणि डोळे असे की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चांगलं आठवावं. तिचे बाबा, धाकू मेस्त्री, लहान मुलांसाठी पांगुळगाडे करायचे. पांगुळगाडा ठाऊक आहे ना तुम्हाला? तीन चाकं, धरायला दांडी, आणि पुढे खिळ्यावर बसवलेला एक लाकडी पोपट. पोपटाच्या शेपटीची दोरी चाकाला बांधलेली असते. गाडा ढकलला की पोपट डोलतो, आणि तो पुन्हा डोलावा म्हणून मूल आणखी एक पाऊल टाकतं. वाडीतलं एकूणएक पोर असंच चालायला शिकलेलं. पोपटाशिवाय गाडा कुणाला द्यायचा नाही, अशी रीतच होती तिथली.

पण गेल्या वर्षी आंब्याची फांदी कोसळली, ती नेमकी धाकू मेस्त्रींच्या उजव्या हातावर. हाड जुळलं, बोटं मात्र मिटेनात. त्यांनी आपली करवत खुंटीला टांगली आणि तिच्याकडे पाठ करून बसू लागले. घरातलं लाकूड एकेक करत चुलीत गेलं. आई दिवसभर लोकांसाठी माडाच्या झावळ्यांची झापं विणायची, तेव्हा कुठे संध्याकाळी पेज शिजायची.

आणि सगुणाचा धाकटा भाऊ मुकू, अडीच वर्षांचा गुबगुबीत गोळा, अजून उभाच राहत नव्हता. वैद्यबुवांनी त्याचे पाय चेपून पाहिले आणि सांगितलं, पाऊस लागायच्या आत पोर चालायला हवं, नाहीतर पाय असेच लुळे राहतील. गाडा तयार होता. हात मोडायच्या आदल्याच आठवड्यात बाबांनी तो केला होता, फक्त पोपट राहिला होता. मुकूला गाड्याशी उभं केलं की तो पुढच्या रिकाम्या खिळ्याकडे बघायचा आणि धपकन खाली बसायचा. रडायचा नाही, हट्ट करायचा नाही, नुसता बसायचा. सगुणाला तेच बघवत नसे.

एका सकाळी तिने ठरवून टाकलं की पोपट आपण कापायचा. आजवर तिने बाबांना कापताना पाहिलं होतं, तेवढंच. करवतीला हात कधी लावला नव्हता. पण ठरवलं ते ठरवलं. खुंटीवरची करवत तिने हळूच काढली. ती होती नक्षी कापायची करवत, म्हणजे एक वाकडी लोखंडी कमान आणि तिच्यात ताणून बसवलेलं दोऱ्याइतकं बारीक पातं. डबीत अशी तीनच पाती उरली होती. भोक पाडायचं छोटं गिरमिटही तिने ओच्यात टाकलं आणि रानाची वाट धरली.

करवत मिळाली हो, पण लाकूड? एक वाकडं, दुसरं किडकं, तिसरं हातात घेताच भुगा झालेलं. हिंडून हिंडून पायांचे तुकडे पडले, तेव्हा ती एका पांगाऱ्याखाली आली. पांगारा ऐन बहरात होता. झाडावर पान औषधालाही नाही, आणि काटेरी फांदीफांदीवर लालभडक, झळझळीत फुलांचे तुरे. बुंध्याशी एक सुकलेला ओंडका पडला होता. सगुणाने आनंदाने तो उचलला, तर खाली मुंग्यांची एकच धांदल. इवली इवली पांढरी अंडी तोंडात धरून बिचाऱ्या सैरावैरा पळू लागल्या. सगुणाने ओंडका जसा होता तसा, त्याच कुशीवर, अलगद परत ठेवला.

“राहू दे गं बायांनो,” ती म्हणाली, “तुमचं घर आहे.”

“असं म्हणणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय मी,” वरून कुणीतरी म्हणालं.

वेलीला धरून घसरत घसरत एक परी खाली उतरली. वीतभर उंच! केस भुशासारखे सोनेरी, घागरा पांगाऱ्याच्या पाकळ्यांचा, आणि पैंजण दवाच्या थेंबांचे, चालली की नुसते लुकलुकत. डाव्या खांद्यावरून तिने एका मोठ्या पाकळीची शाल घट्ट लपेटली होती. ही होती पांगारपरी. सगुणाने तिला सगळी हकीकत सांगितली, मुकूच्या रिकाम्या खिळ्यासकट. पांगारपरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की सगुणा मागेल ते लाकूड ती तीनदा देईल, पण त्याला नियम आहेत.

“लाकूड मी देणार, कापायचं तुझं तू. एकदा मागितलेलं लाकूड बदलून मिळणार नाही. आणि कापून जे काही उरेल, ते घरी न्यायचं. माझ्या रानात कचरा टाकलेला मला खपत नाही.”

सगुणाने मान डोलावली. आता पहिल्यांदा काय मागावं? आपल्या मुकूला साधंसुधं कशाला, म्हणून तिने सगळ्यात देखणं लाकूड मागितलं. परीच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, पण तिने बोट फिरवलं, आणि सगुणाच्या मांडीवर शिसवाची काळीभोर, चकचकीत फळी आली. काय तिची झळाळी! सगुणाने कोळशाऐवजी खडूने पोपट काढला, करवत लावली आणि जोर काढून ओढली. फळीवर ओरखडासुद्धा उमटेना. आणखी जोर काढला, तर टण्‌कन पातं तुटलं. शिसव म्हणजे लाकडातला दगड, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उरलंसुरलं घेऊन ती घरी आली, आणि आईने ती फळी चुलीत सारली.

दुसऱ्या दिवशी सगुणा शहाणी होऊन गेली, असं तिला वाटत होतं. या खेपेला तिने सगळ्यात मऊ लाकूड मागितलं. परीने दिलं. ताजं ताजं, गारेगार, बोट दाबलं तर ओल लागावी असं. करवत त्यात अशी चालली की सगुणाला गाणंच सुचलं. शेवटच्या वळणावर घाई नडली आणि दुसरंही पातं गेलं, पण पोपट मात्र झाला. चोच, पोट, लांब शेपटी, सगळं जिथल्या तिथे. सगुणाने तो टोपलीखाली लपवून ठेवला. दोन दिवस वाळू दे, मग रंगवू आणि सगळ्यांना थक्क करू.

तिसऱ्या दिवशी टोपली उचलली, तर पोपटाचा पापड झालेला. शेपटी वर वळलेली, आणि चोच तडकून खाली पडलेली. सगुणा मटकन बसली आणि इतकी रडली की मुकू रांगत आला आणि तिच्या केसांशी खेळू लागला.

मागे बाबा उभे होते. त्यांनी डाव्या हाताने तो वाकडा पोपट उचलला. रागावतील असं सगुणाला वाटलं, पण त्यांनी पोपट कानाजवळ धरला आणि त्यावर टिचकी मारली. किती महिन्यांनी ते लाकडाशी बोलत होते!

“ऐक,” ते म्हणाले, “थप्प वाजतं ना? ओल्या लाकडाला आवाज नसतो. सुकलं की आकसतं, वाकतं, तडकतं. नव्या हाताला पांगारा बरा. हलका आणि मऊ. पण तोही वर्षभर सावलीत सुकलेला हवा. टिचकी मारलीस की टणटण बोलला पाहिजे. गाठ नको. आणि लाकडाची रेघ चोचीच्या लांबीबरोबर धावली पाहिजे, आडवी गेली तर चोच मोडणारच.”

सगुणाने डोळे पुसले आणि विचारलं, पातं का तुटतं. बाबा थोडं हसले.

“करवतीला ढकलायचं नसतं, पोरी. तिच्या चालीने चालू द्यायचं. वळण आलं की हात नाही, लाकूड फिरवायचं.”

एवढं सांगून ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. पण या वेळी खुंटीकडे पाठ केली नाही.

सगुणा धावतच पांगाऱ्याकडे गेली. चार दिवसांच्या वाऱ्याने झाडाखाली लाल सडा पडला होता, आणि वर एकच, अगदी एकच फूल उरलं होतं. तिने बाबांनी सांगितलं तस्सं मागितलं. सावलीत वर्षभर सुकलेला, बिनगाठीचा, सरळ रेघेचा पांगारा. मांडीवर आली लोण्याच्या रंगाची, दोन तळहातांएवढी फळी. सगुणाने टिचकी मारली. टणटण! तिच्या अंगावर काटा आला.

ती परीचे आभार मानायला वळली आणि तिथेच थांबली. वाऱ्याने परीच्या खांद्यावरची पाकळी सरकली होती. उजवीकडे लाकडाची झिरझिरीत जाळी असलेला सुंदर पंख, आणि डावीकडे नुसतं एक तुटकं टोक. आता सगुणाच्या लक्षात आलं की ही परी उडताना कधी दिसलीच नव्हती. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा परीने सांगितलं. वादळात पंख मोडला. पांगाऱ्याचं शेवटचं फूल गळायच्या आत परीला आपल्या गावी जावं लागतं, नाहीतर वाट बंद होते. पाऊस सुरू झाला की वीतभर परीचा रानात निभाव लागत नाही.

“मग तू स्वतःसाठी लाकूड का नाही मागितलंस, परीताई?”

“परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही,” परी म्हणाली. “आमचाही नियम आहे ना.”

सगुणाने फळीकडे पाहिलं. एकच फळी, एकच पातं. डोळ्यांसमोर मुकू आला, रिकाम्या खिळ्याकडे बघणारा. पाऊस यायला अजून अवकाश आहे, तिने मनाशी म्हटलं, रान धुंडाळीन, काहीतरी सापडेल. वरचं फूल तर आत्ताच डुगडुगतंय. तिला खूप वाईट वाटत होतं, आणि तरी तिने फळी पुढे केली.

“पंख काढून दे हिच्यावर. मी कापते.”

परीने तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग बोटाने फळीवर एक सोनेरी, चमचमती रेघ काढली. रेघ चांगली लांबलचक, वळणावळणांची. एवढी वळणं कशाला, असं सगुणाला वाटलं. परीने रेघेच्या बाहेर एक ठिपका दिला आणि म्हणाली की आधी इथे गिरमिटाने भोक पाडून बघ, हात बसेल. सगुणाने पाडलं. मग पंखाच्या जाळीसाठी पाच भोकं पाडली. प्रत्येक भोकात पातं ओवायचं, कमानीत ताणायचं, आतला तुकडा कापायचा, पातं सोडवायचं, पुन्हा पुढच्या भोकात ओवायचं. सगुणाने ढकललं नाही, घाई केली नाही. वळण आलं की फळी फिरवली. भुसा तिच्या परकरावर पिठासारखा साठत गेला, आणि ऊन कलता कलता पंख सुटून तिच्या हातात आला. पातं शाबूत होतं.

परीने पंख खांद्याला लावला. तो थरथरला, मग लाल झाला, मग केशरी, मग निव्वळ सोनेरी. परीने सगुणाच्या कपाळावर ओठ टेकले, आणि म्हणाली, “तिसरा नियम विसरू नकोस हं, सगुणे.” मग रानभर असा लख्ख उजेड झाला की सगुणाने डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. शेवटचं फूल तेवढं तिच्या ओंजळीत पडलं होतं.

नियम तो नियम. कापून उरलेला तुकडा ओच्यात घालून सगुणा घरी आली. आई पेज चढवत होती. तुकडा सुकाच आहे म्हणून तिने तो घेतला आणि चुलीकडे हात नेला.

“थांब,” बाबा ओट्यावरून म्हणाले. त्यांनी तुकडा घेतला, टिचकी मारली, उजेडात धरला. मग उलटा केला. “सगुणा, इकडे ये. हे काय कापलंस तू?”

पंखाचं वळण जिथून गेलं होतं, तिथे गोल डोकं होतं. पंखाच्या टोकापाशी बाकदार चोच होती, लाकडाची रेघ चोचीबरोबर सरळ धावत होती. खाली लांब शेपटी. आणि हात बसावा म्हणून पाडलेलं भोक बरोब्बर डोळ्याच्या जागी. पोपट! टकामका बघणारा, हसरा पोपट. सगुणाला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं.

बाबा काचकागदाने पोपट घासायला बसले. पोपट उजव्या हातात, कागद डाव्या हातात. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पोपटाभोवती मिटली होती. त्यांच्या स्वतःच्या हे लक्षातच आलं नाही. आईच्या आलं, आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

ओंजळीतलं फूल चुरून सगुणाने पोपटाची चोच लाल रंगवली. पोपट खिळ्यावर बसला, शेपटीची दोरी चाकाला बांधली, आणि मुकूला दांडीशी उभं केलं. मुकूने पोपटाकडे पाहिलं. त्याने दांडी जराशी ढकलली, पोपट डोलला. मुकू खुदकन हसला आणि त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग अंगणभर.

पुढे सगुणा मोठी झाली, सगुणा मेस्त्री म्हणून दूरदूरवर तिचं नाव झालं, आणि मुकू इतका पळाला की त्याला पकडता पकडता आईची पुरेवाट झाली. अजूनही करवंदवाडीत कुणी नक्षी कापायला बसलं, की उरलेला तुकडा लगेच चुलीत टाकत नाहीत. आधी उलटा करून बघतात.