स्पॅनिशची तोंडी परीक्षा

“...पण फादर, तोंडी परीक्षेला मला तिच्याजवळ बसू देणार नाहीत. मग ती बोलणार कशी?”

एडविन रुमाव घामाघूम झाला होता. परीक्षा परवावर आलेली. शेजारी त्याची सातवीतली लेक जेनिशा खाली मान घालून उभी.

फादर पास्कल चर्चमागच्या वाडीत केळीची सुकलेली पानं छाटत होते. उमेदीची वर्षं त्यांनी बोलिव्हियात काढलेली. स्पॅनिश त्यांना घरच्या बोलीसारखी येई. म्हणून तर एडविन त्यांच्याकडे धावत आला होता.

“आजवर कशी बोलायची?” फादरांनी विचारलं.

“आजवर सगळं लेखी होतं. मी होतो ना!” काळजीतही एडविनचा आवाज जरा चढला. “या वयात स्पॅनिश शिकलो, फादर, निव्वळ हिच्या गृहपाठासाठी. क्रियापदं विचारा, घडाघडा म्हणतो. विज्ञानसुद्धा मीच बघतो. कुंडीत वाल रुजवून न्यायचा होता. हिच्या कोंबानं मान टाकली. ही शाळेत गेल्यावर मी नर्सरीतलं रोप आणून त्या जागी लावलं. पैकीच्या पैकी गुण!”

“तिला कळलं?”

“छे!”

जेनिशानं पायाचा अंगठा मातीत रुतवला.

फादरांनी कोयता खाली ठेवला. तिच्यासमोर उकिडवे बसले.

“कोमो एस्तास?” म्हणजे, कशी आहेस?

“एस्तॉय बिएन!” एडविन म्हणाला. म्हणजे, मी बरी आहे.

फादरांनी वर पाहिलं नाही. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तिलाच.

एडविनचं तोंड उघडलं. फादर उठले आणि त्यांनी मातीनं भरलेला हात सरळ त्याच्या तोंडावर ठेवला.



एडविन मनातल्या मनात विनवू लागला. बोल ना, पोरी. दोनच तर शब्द. परवा परीक्षेच्या बाईंपुढे अशीच उभी राहिलीस तर...

जेनिशाचे ओठ हलले.

“तेंगो मिएदो.”

एडविननं फादरांचा हात झटकला. “अगं, विचारलं काय, सांगतेस काय! ‘कोमो एस्तास’ला ‘एस्तॉय’नं सुरुवात करायची. किती वेळा घोकून घेतलंय!”

“वाक्य बिनचूक आहे,” फादर म्हणाले. “उच्चारसुद्धा.”

“खरंच?” एडविनच्या जिवात जीव आला. “मग गुण मिळतील ना तिला?”

“तू अर्थ सांग.”

“सोपंय.” वर्गातल्या हुशार मुलासारखा तो ताठ झाला. “तेंगो, माझ्यापाशी आहे. मिएदो, भीती. म्हणजे... मला भीती...”



त्यानं लेकीकडे पाहिलं. ती त्याच्या शेजारी नव्हती. फादरांच्या झग्याआड जाऊन उभी होती, आणि तिथून त्याच्याकडे बघत होती.



“फादर,” एडविनचा आवाज अगदी बारीक झाला होता, “याला... याला उत्तर काय द्यायचं?”

फादरांनी कोयता उचलला आणि ते केळींकडे वळले.

“हा गृहपाठ तुझा, एडविन.”