चाळीस नंबरची तार

"मग ती वही शलाका मॅडमकडं कशी?" मी विचारलं.

ओतारी सरांनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात पक्कड होती आणि पकडीत दातांना लावायची बारीक तार. ते ती वळवत होते.

"कुठली वही?"

"दादाची. काळ्या पुठ्ठ्याची. आत्ता बाहेर बघितली मी. मॅडम तिच्यात लिहीत बसल्यात."

"लिहायचं तर वही लागणारच."

दादा सांगायचा ते खरं होतं. सरांना प्रश्न विचारला की तो आपल्याच हातात परत येतो.

माझा दादा, अंगद, वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर होणार होता. या दंत महाविद्यालयात त्याचं शेवटचं वर्ष होतं. चार महिन्यांपूर्वी गावाकडं येताना एका टिपरनं त्याला मागून उडवलं. मी पोचलो तेव्हा त्याचं हेल्मेट रस्त्याच्या कडेला पडलं होतं. हेल्मेटवर ओरखडासुद्धा नव्हता.

आमच्या घरात दोघांतला एकच शिकेल असं ठरलं होतं, आणि तो मी नव्हतो. मी नववीतनं शाळा सोडली आणि मोटारी भरायला लागलो. पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. दादा शिकला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो आमचा होता तोवर वाटलं नाही.

ओतारी सर त्याचे गुरू. त्याच्याबरोबर शिकणारी शलाका मिरजे. दोघांनी मिळून एक संशोधन घेतलं होतं. सरळ केलेले दात पुन्हा आपल्या जुन्या जागी जायला बघतात. ते जाऊ नयेत म्हणून खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागं एक बारीक, पिळाची तार चिकटवतात. यांनी चाळीस माणसांना अशी तार बसवली. वीस दादानं, वीस तिनं. दोन वर्षांनी ती काढायची, दात किती हलले ते मोजायचं, आणि काढलेली तार मशीनमध्ये ताणून तोडायची. तोंडात राहून तिच्यात किती जीव उरला ते बघायला.

चाळिसावा माणूस मी.

एकोणचाळीस तारा निघाल्या होत्या. मला तीनदा फोन आला, मी उचलला नाही. आज आलो तो तार द्यायला नव्हे, वही न्यायला.

"तार आहे ना जागेवर?" सरांनी विचारलं.

"आहे. आणि राहणार."

"का?"

"दादाच्या हातची आहे."

पक्कड थांबली... मग पुन्हा चालू झाली.

खोटं सांगत नाही, दिवसातनं शंभरदा माझी जीभ तिथं जाते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पिळावरून. दादाचा मोबाईल फुटला, कपडे आईनं वाटून टाकले. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्या तोंडात होतं. दुसऱ्या कुणाच्या नाही.

दार उघडलं. शलाका मॅडम आत आल्या, हातात ती वही.

"पर्मू, आलास?"

"मला पर्मू म्हणायचं नाही. ते घरातलं नाव आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "परमेश्वर, बस."

मी बसलो नाही. तेराव्याला त्या आमच्या घरी आल्या होत्या, तेव्हा आईनं त्यांचा हात धरला तो दोन तास सोडला नाही. मी समोर बसलेलो. माझा हात रिकामा होता.

मी वही हिसकावली. पानं उलटत गेलो. सगळीकडं दादाचं तिरकं अक्षर. एका पानावर मध्यापर्यंत ते होतं. क्रमांक अकरा, तारीख, आकडे. त्याच्या लगेच खालच्या ओळीवर दुसरं अक्षर, उभं, टोकदार. क्रमांक बारा.

"एक ओळ रिकामी सोडता आली नाही तुम्हाला?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "माणूस गेला. एक ओळ."

"या वहीत ओळ रिकामी सोडायची नसते," सर म्हणाले.

"का?"

"मागाहून कुणीतरी तिथं आपल्याला हवं ते लिहितं."

"क्रमांक बारा सकाळी आठपासून बाकावर येऊन बसल्या होत्या," शलाका मॅडम हळूच म्हणाल्या. "अंगदनं बोलावलं होतं त्यांना. त्यांना काही माहीत नव्हतं."

"तुम्हाला तर होतं."

"हो."

मला तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच पेटलो.

"त्याची खुर्ची तुमची झाली. वही तुमची झाली. निबंधावर नाव तुमचं लागेल, डिग्री तुम्हाला मिळेल. आता माझ्या तोंडातली तार तेवढी राहिली. ती काढा आणि तिथं तुमची बसवा."

"नवी बसवावी लागेलच," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुझे दात पुन्हा वाकडे होतील."

"होऊ द्या."

सर पहिल्यांदा हसले. "लेका, असं रागावून दात पाडून घेतल्याचं ऐकलं होतं. वाकडे करून घेतल्याचं नाही."

मग त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"तुला पाहिजे काय?"

"दादाचं आहे ते दादाचं राहू द्या."

"राहू दे. पण त्याचं कुठलं, ते आधी कळू दे."

त्यांनी खण उघडून एक खाकी पाकीट काढलं. तोंड चिकटवलेलं, वर सह्या. एक सही दादाची होती.

"कुणाच्या तोंडातली तार कुणी बसवली ते यात आहे. अंगदला माहीत होतं, शलाकाला माहीत आहे. मला नाही. तारा मोजणार मी. मला कळलं तर माझा हात एकाच्या बाजूनं झुकेल. म्हणून मोजणी संपेपर्यंत हे बंद." त्यांनी पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "तुझं नाव चाळिसाव्या ओळीवर आहे. फोड."

"सर," शलाका मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षांचं काम आहे."

"त्याच्या भावाचंच आहे. फोडू दे त्याला."

मी पाकीट उचललं.

"मला फोडायची गरज नाही. तार दादानंच बसवली. मी तिथं होतो की."

"डोळे उघडे होते?"

नव्हते. निळा दिवा मारून तार पक्की करतात. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून माझ्या डोळ्यांवर हिरवं कापड टाकलं होतं. दोघंही शेजारी उभे होते. दादा बोलत होता. हलू नको रे, मोटार भरत नाहीये मी.

"आवाज त्याचा होता," मी म्हणालो.

"बोलणारा आणि करणारा एकच होता?"

"मला हात कळतो," मी म्हणालो. "आमच्या धंद्यात भरलेली मोटार उघडली की गुंडाळीवरून सांगतो मी, ही कुणी भरली. आजवर चुकलो नाही."

"बरं."

"दादा आधी हनुवटीला करंगळी टेकवायचा. घट्ट नाही, नुसती टेकलेली. म्हणायचा, तू हललास तर माझा हात तुझ्याबरोबर हलतो, म्हणून लागत नाही. मग काम सुरू करायच्या आधी दातावर दोनदा टकटक करायचा. दुसऱ्या कुणाचा हात तसा नाही."

मी मॅडमकडं वळलो.

"तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा."

"माहीत आहे."

"सांगा की."

"सर इथं बसलेत."

माझ्या मुठीत पाकिटाचा एक कोपरा टरकन फाटला. मी दचकलो. सरांनी मात्र पाकिटाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी खुर्चीकडं बोट केलं.

"हात कळतो म्हणालास. बस."

मी बसलो. खुर्ची मागं गेली. डोळ्यांवर हिरवं कापड आलं, तसंच, धुतलेल्या कापडाच्या वासाचं. पाकीट माझ्या हातातच होतं.

पावलं वाजली. नळ वाजला. कुणीतरी हातमोजे चढवले. मग कुणीच काही बोललं नाही.

हनुवटीला करंगळी टेकली.

घट्ट नाही. नुसती टेकलेली.

ओठ खाली झाला. दातावर दोनदा टकटक.

"दादा," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कधी गेलं ते मला कळलं नाही. चार महिन्यांत मी रडलो नव्हतो. लोकांना उत्तरं देत होतो, टिपरवाल्याला शिव्या घालत होतो, मोटारी भरत होतो. आता हनुवटी थरथरायला लागली आणि थांबेना. करंगळी उचलली गेली नाही. हनुवटी वर गेली की ती वर जायची, खाली आली की खाली. तिनं मला कुठंच दाबलं नाही, कुठंच सोडलं नाही.

"कुणाचा हात?" सरांचा आवाज आला. लांबून, खिडकीकडून.

कापड निघालं. शलाका मॅडम माझ्यावर वाकलेल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या दातांकडं बघत होत्या. त्यांचा मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता. करंगळी अजून तिथंच होती.

काय वाटलं ते सांगतो. त्यांच्या हातावर चावावंसं वाटलं. वही गेली, खुर्ची गेली, आता दादाची करंगळीसुद्धा यांच्याकडं.

"हे दादानं शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी त्याला शिकवलं. पहिल्या वर्षी." त्यांनी हात काढून घेतला. "त्याची करंगळी हवेत असायची."

"हवेत?"

"चहाचा कप धरल्यासारखी. सगळे हसायचो आम्ही. तो पेशंटच्या तोंडात हात घालायचा आणि करंगळी अशी..." त्यांनी करंगळी वर करून दाखवली.

मला हसू फुटलं. नाकातनं पाणी येत होतं आणि मी हसत होतो. दादा घरी चहा पिताना अशीच करंगळी वर करायचा. आई म्हणायची, आला बघा साहेब. हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी सरांकडं बघितलं. सर खिडकीपाशी उभे राहून आपला चष्मा पुसत होते.

"सर, तुम्हाला?"

सरांनी चष्मा लावला. "पुढचं विचार," ते म्हणाले.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. कोपरा फाटला होता, आतल्या कागदाची कड दिसत होती. शलाका मॅडमनी चिकटपट्टी घेतली. त्यांना आतलं सगळं पाठ होतं. तरी मान एका बाजूला वळवून, न बघता, त्यांनी फाटक्या जागेवर ती बसवली आणि अंगठ्यानं दाबली. सर तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून होते.

मी आपणहून मान मागं टाकली.

"ताई," मी म्हणालो. "काढा."

करंगळी टेकली. टकटक. मग बारीक गुरगुर, दाताला कंप, तोंडात पावडरीची चव. मोटार घासताना येतो तसा वास. फार वेळ लागला नाही.

जीभ लगेच तिथं गेली. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत दात होते नुसते. जीभ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली.

त्यांनी काढलेली तार एका छोट्या बाटलीत टाकली. एवढीशी होती. तोंडात असताना केवढी वाटायची. बाटलीवर चाळीसचा आकडा होता, दुसरं काही नव्हतं. मग मापं घेतली, नवी तार बसवली, निळा दिवा मारला. मी डोळे कापडाखाली मिटूनच ठेवले.

उठलो तेव्हा ताई वहीत लिहीत होत्या. उभं, टोकदार अक्षर. क्रमांक एकोणचाळीसच्या लगेच खाली, एकही ओळ न सोडता. मी शेजारी उभा राहून ते बघितलं. वही मागितली नाही.

सरांनी बाटली उचलली, उजेडात धरली, आणि कपाटातल्या, बाटल्या उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीत शेवटच्या भोकात ठेवली. घोडी भरली. सगळ्या बाटल्या सारख्या, सगळ्यांत तेवढीच एक बारीक काडी.

"सर," मी म्हणालो. जीभ नव्या तारेवरून फिरत होती, बोबडं येत होतं. "मशीनमध्ये तुटल्यावर तार मला द्याल?"

सरांनी कपाटाचं दार लावलं.

"चाळीस आहेत," ते म्हणाले. "कुठलीही ने."