हेकटराजा आणि आठवड्याची एक चित्रकथा

"आठवड्याला एकच! एक म्हणजे एक!" राणीसाहेबांनी बजावलं आणि डोंगरपेठेच्या हेकटराजानं कपाळावर हात मारून घेतला.

तसं राणीसाहेबांचंही काही चुकत नव्हतं म्हणा! महाराजांना चित्रकथांचा नाद, आणि नाद तरी केवढा! दर मंगळवारी नव्या चित्रकथांची गाडी यायची आणि महाराज अख्खी गाडी रिकामी करायचे. कोठारात चित्रकथा, हत्तीखान्यात चित्रकथा, हत्ती बिचारे अंगणात! परवा राणीसाहेबांनी लोणच्याची बरणी उघडली, तर आत लोणचं नाहीच, 'ढेमसे पैलवान', भाग एक ते सात!

आता एकच घ्यायची, तर कोणती? महाराजांनी हा घोर सरळ दुसऱ्यांच्या गळ्यात बांधला. "तुम्ही निवडा! मला आवडलीच पाहिजे. पण खबरदार, कुणी उघडून पाहिलीत तर! दुसऱ्यानं आधी पाहिलेली चित्रकथा म्हणजे उष्टं ताट. उष्टं मी खात नाही! आणि नाही आवडली, तर निवडणाऱ्याची अर्धी मिशी उतरवणार!"

न उघडता निवडायची कशी? बरं, निवडली तरी उपयोग काय? महाराज शेवटच्या पानापर्यंत मिटक्या मारत वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "छे! नाही आवडली! न्हाव्याला बोलवा!" प्रधानजींची डावी मिशी गेली, सेनापतींची उजवी. दोघं शेजारी उभे राहिले की मिळून एक माणूस दिसायचा.

मग पाळी आली नागोजीची. नागोजी राजवाड्यातला बांधणीकार, फाटक्या चित्रकथा शिवून देणारा. दोन मंगळवारांत त्याच्या मिशीच्या दोन्ही बाजू साफ झाल्या.

"मिशी संपली? हरकत नाही!" महाराज म्हणाले. "येत्या मंगळवारची नाही आवडली, तर बिऱ्हाड उचल आणि माझ्या राज्यातून चालता हो!"

नागोजी घरी येऊन मटकन खाली बसला. त्याची लेक साळू पुस्तकाला टाके घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मंगळवारी मी जाते."

"अगं वेडे, तिथं डोकं चालत नाही, वस्तरा चालतो!"

"मग माझ्यावर कुठं चालवणार?" साळू म्हणाली खरी, पण आतून ती घाबरली होती. हे घर, ही आळी, शेजारची माणसं, सगळं सोडून म्हाताऱ्या बापाला घेऊन जायचं कुठं?

मंगळवार उजाडला. दरबारात चाळीस कोऱ्या करकरीत चित्रकथांची चळत लागली. साळूनं मुजरा केला.

"महाराज, आधी माझे डोळे बांधा. उष्ट्याचा संशयच नको!"

प्रधानजींनी तिच्या डोळ्यांवर तिपदरी पट्टी बांधली. साळूनं चळतीवरून बोटं फिरवली आणि मधलीच एक ओढली. "ही घ्या! पण हिची शिवण सैल लागतेय, महाराज. वाचताना पानं गळतील. उसवून दोन टाके घालते."

"अरे, पुस्तक उघडतंय!" महाराज ओरडले. "डोळे मिटा! सगळ्यांनी मिटा!" आणि आपली मजा जायला नको म्हणून स्वतःही घट्ट मिटले. अख्खा दरबार डोळे मिटून बसला! पहारेकरीसुद्धा भाल्याला टेकून आंधळे! साळूची सुई झरझर चालली. कितीतरी वर्षांचा सराव होता तो, डोळे बांधले काय आणि उघडे काय!

"झालं, महाराज!"

महाराजांनी पुस्तक हिसकावून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. ढेमसे पैलवान कड्यावर चढले. महाराज तक्क्यावरून पुढं सरकले. ढेमसे पैलवान घसरले! महाराजांनी नखं खाल्ली. पैलवान आता लंगोटाच्या नाडीला लटकताहेत, खाली सातमुखी घोरपड आ वासून उभी, नाडी तुटतेय, कर्रर्र... महाराजांनी पान उलटलं, तर पुढं नुसता पुठ्ठा!

"पान! शेवटचं पान कुठाय?"

साळूनं पट्टी सोडली आणि कमरेला खोचलेली घडी काढली. "हे काय, महाराज! अजून कुणी पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"दे इकडं!"

"देते की! फक्त एवढं सांगा, चित्रकथा आवडली का?"

सवयीनं महाराजांचं तोंड सुटलं. "छे! नाही आव..."

"नाही ना? मग न आवडलेल्या गोष्टीचा शेवट तरी कशाला? चुलीत घालते!" साळू वळली.

"थांब! प्रधानजी, ढेमसे वाचतो का?"

"आम्हाला काय ठाऊक, महाराज? आम्हाला बघायची बंदी!"

"गाडीवाल्याकडून दुसरी प्रत आणा!"

"त्याच्याकडे एकेकच असते, महाराज. आणि उघडायची त्यालाही बंदी!"

"अरे शिपायांनो, बघता काय? हिसकावून घ्या!"

"घेऊ द्या," साळू म्हणाली. "झटापटीत घडी उघडली आणि शिपायानं पाहिलं, की झालं उष्टं!"

शिपाई जागच्या जागी थिजले. महाराज स्वतःच उठले, तशी साळूनं ते पान पिकदाणीवर धरलं.

"आवडली!" महाराज किंचाळले. "आवडली, आवडली, फार आवडली! तुझ्या बापाचं बिऱ्हाड राहू दे, पण त्या नाडीचं काय झालं ते कळू दे!"

साळूचा जीव भांड्यात पडला. तिनं हात मागं घेतला.

"पण पोरी," महाराज घाम पुसत म्हणाले, "चाळीसांतून नेमकी हीच मला आवडेल, हे तुला कळलं कसं?"

"कुठं कळलं, महाराज? कुठलीही उचलली असती तरी चाललं असतं! तुम्हाला सगळ्याच आवडतात. नावडती होते ती वाचून संपल्यावर. म्हणून मी ही संपूच दिली नाही!"

महाराज जे हसत सुटले, ते पोट धरून गादीवर लोळले. सगळा दरबार हसला. महाराजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा साळूच्या ओंजळीत टाकला, नागोजीला तहहयात बांधणीकार केलं आणि रिकामा हात पुढं केला.

"आता तरी दे गं बाई ते पान!"