भिवबानं साहेबाची गावं पाहिली

एका गावात भिवबा नावाचा भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? ‘बस’ म्हटलं की जागच्या जागी बसायचा, मग खाली चिखल असो नाहीतर चुलता. त्याला मामाची इंदू फार आवडायची. इंदूलाही तो आवडायचा. आता याला काय म्हणावं!

पण केरूमामा अडून बसला. तरुणपणी तो पाठीवर पिशवी टाकून गोऱ्या साहेबांची जुनी गावं स्वस्तात हिंडून आला होता, आणि तीस वर्षं तेच सांगून लोकांचं डोकं खात होता. तो म्हणाला, “जग बघितल्याबिगर पोरगी मिळायची न्हाई. जा, हिंडून ये. आन् कुणी भाव सांगितला की निम्म्यावर आण.”

भिवबा पिशवी घेऊन निघाला.

पहिलं गाव पोर्तुगीजांनी वसवलेलं. खाडीपलीकडे किल्ला. नाववाला म्हणाला, “दोनशे.”

“शंभर.”

“चल, बस.”

नाववाल्यानं त्याला किल्ल्यापाशी सोडलं आणि नाव वळवली. “निम्म्यात जाणं. येणं नाय!”

ओहोटी लागली म्हणून वाचला. कमरेइतका चिखल तुडवत भिवबा परतला आणि त्यानं मामाला फोन लावला. मामा ओरडला, “येड्या, निघायच्या आधी इचारावं, परत आणणार का?”

“बरं मामा.”

दुसऱ्या गावात जुनं चर्च होतं. दारातून चौघेजण एका म्हाताऱ्याची शवपेटी घेऊन निघाले होते. भिवबा आडवा आला. “परत आणणार का?”

“नको, नको!” म्हाताऱ्याची बायको रडता रडता म्हणाली.

चौघांनी पेटी हळूच खाली ठेवली, भिवबाला मनसोक्त चोपलं आणि पेटी पुन्हा उचलली.

तिसरं गाव इंग्रजाचं, थंड हवेचं. तिथल्या बंगल्यात साहेबाचा पलंग बघायला मांडलेला, भोवती दोरी. मार खाल्लेला भिवबा दोरी ओलांडून त्यावर आडवा झाला. पहारेकऱ्यानं त्याला कानाला धरून उठवलं. “मौल्यवान वस्तू आहे ही! हात लावायचा नाही. दोरीच्या अलीकडून बघायचं, फोटो काढायचा, मागच्या दारानं बाहेर पडायचं. सगळी शहाणी माणसं तेच करतात.”

भिवबानं पाहिलं. खरंच, सगळी तेच करत होती. फोटो निघाला की त्यांचं गाव बघून होत होतं.

भिवबा घरी आला. मामा खूश झाला, लग्न ठरलं. भिवबा बोहल्यावर चढताना मामानं त्याला जवळ ओढलं. तो कानात म्हणाला, “आमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट तुला देतोय. ध्यानात ठेव.”

“मौल्यवान का? ठेवलं मामा.”

मंगलाष्टका संपल्या. अंतरपाट दूर झाला. इंदू हार घेऊन उभी होती. भिवबानं तिला डोळे भरून पाहिलं. इतकी सुंदर वस्तू त्यानं तिन्ही गावांत पाहिली नव्हती.

मग त्यानं मोबाईल काढला, फोटो काढला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला.

मामाला तो एसटी स्टँडवर सापडला. मुंडावळ्या तशाच, पाठीला पिशवी.

“आरं, हार कोण घालनार?” मामा रडकुंडीला आला.

“असं कसं मामा? हात लावायचा नसतो.” भिवबानं प्रेमानं फोटो पुढे धरला. “बघा, काय झ्याक आलीया! लगीन बघून झालं. आता पुढचं गाव कुठलं?”